रात्रीच्या फोटोत माणूस कुठाय?

नाइट फोटोग्राफी म्हटलं की आपली गँग ट्रायपॉड उचलून इंद्रभुवन नाहीतर सिद्धेश्वर तलाव गाठते. आयएसओ १००, शटर ३० सेकंद उघडं. फोटो झकास येतो. पण समोरून चालत गेलेला माणूस त्यात उमटतच नाही! गड्ड्यातला आकाशपाळणा दिसतो, त्यात बसलेली पोरं पुसली जातात.

ब्रासाई या फोटोग्राफरने १९३३ च्या पुस्तकात रात्रीचं पॅरिस दाखवलं, त्यात ट्रामचे रूळ दुरुस्त करणारे कामगारही आहेत. आपल्या पूर्व भागात रात्रपाळीचे पॉवरलूम कामगार आहेत. तिथे रीतसर विचारून जावं. आयएसओ ३२००, शटर १/६०, फ्लॅश बंद. फोटोत दाणे आले तर येऊ देत. सोलापुरी चादर सगळ्यांनी पाहिलीय, विणणारा चेहरा किती जणांनी पाहिलाय?