उंच विंडस्क्रीन लावली की वारा थांबतो का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्ट्सवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी बऱ्याच पार्ट्सवर २८ होता. साहजिकच आमच्या रायडिंग ग्रुपवर प्रश्न आला: हिमालयन ४५० ला बाहेरची उंच स्क्रीन लावू का?

रील्समध्ये उंची विकतात. पण खरा त्रास देतात ते स्क्रीनच्या वरच्या कडेवरून सुटणारे हवेचे भोवरे. ते नेमके हेल्मेटवर आदळले की मान हलते, कान बधिर होतात. त्यामुळे उंच स्क्रीनने छाती वाचते आणि डोकं आणखी हादरतं, असंही होतं. काहींना तर छोटीच बरी पडते. वारा जास्त लागतो, पण सरळ लागतो.

म्हणून पैसे टाकण्याआधी मोकळ्या रस्त्यावर, नेहमीच्या स्पीडला डोकं दोनेक इंच खाली नेऊन बघा. आवाज शांत झाला तर साधारण तेवढीच उंची वाढवायची. ताठ बसल्यावर शांत झाला तर उलट कमी करायची. स्क्रीनच्या आरपार नाही, वरून रस्ता दिसला पाहिजे. चरे पडलेल्या स्क्रीनमधून रात्री समोरचे हेडलाइट फार फुटतात.

आणि दंड? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की बदलामुळे आरसीवरचा मूळ तपशील बदलता कामा नये. नियम मोडला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पण आरसीवर विंडस्क्रीनचा रकानाच नाही, त्यामुळे माझ्या मते नुसत्या स्क्रीनसाठी हे कलम लागू नये. हेडलाइट किंवा इंडिकेटर झाकला तर गोष्ट वेगळी.

वॉरंटीचं सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. मूळ स्क्रीन फेकू नका, गाडी विकताना लागेल.