विश्लेषण : गरोदरपणातला ताण आणि कमी दिवसांचे बाळ, ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढे सांगून भागते का?

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके अशा नोंदी कार्डावर होतात. झोप लागते का, घरात मारहाण होते का, उचल किती घेतली आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. निघताना एक सल्ला तेवढा मिळतो, ‘टेन्शन घेऊ नका.’ ताण वाढला की शरीरात तयार होणारी संप्रेरके म्हणजे हार्मोन्स प्रसूतीची वेळ अलीकडे आणू शकतात, असे गेल्या तीन दशकांतील संशोधन सांगते. त्यामुळे दुष्काळ आणि स्थलांतर पाचवीला पुजलेल्या जालना जिल्ह्यात तरी हा विषय केवळ एका सल्ल्यावर सोडून देण्यासारखा नाही.

कमी दिवसांचे बाळ म्हणजे नेमके काय?

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला वैद्यकीय भाषेत मुदतपूर्व बाळ म्हणतात. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ सर्वाधिक नाजूक. ३२ ते ३७ आठवड्यांतली बाळे योग्य काळजी मिळाल्यास बहुतेक वेळा तरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात १ कोटी ३४ लाख बाळे मुदतीआधी जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातली, म्हणजे कोणत्याही देशापेक्षा जास्त. २०१९ मध्ये मुदतपूर्व जन्माच्या गुंतागुंतीमुळे जगात सुमारे ९ लाख बालके दगावली.

‘सातव्या महिन्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही’ हा समज आजही गावोगावी ऐकू येतो. तो चुकीचा आहे. गर्भात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची आशा सोडणे, हा या समजाचा सर्वांत घातक परिणाम आहे.

ताणाचा आणि प्रसूतीचा संबंध कसा?

माणूस ताणाखाली आला की मेंदूतून सीआरएच नावाचे संप्रेरक सुटते. पुढच्या टप्प्यात मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की मेंदू सीआरएच बंद करतो. पाण्याच्या टाकीत बॉल वर आला की पाणी आपोआप थांबते, तशी ही व्यवस्था.

गरोदरपणात वारही (प्लॅसेंटा) सीआरएच तयार करते आणि इथे हा बॉल उलटा बसवलेला असतो. कॉर्टिसॉल वाढले की वारेतले सीआरएच थांबण्याऐवजी आणखी वाढते. हे सीआरएच बाळाच्या ग्रंथींना चालना देते, इस्ट्रोजेन वाढते आणि गर्भाशयाचे स्नायू कळांसाठी तयार होऊ लागतात. नऊ महिने भरताना हे व्हायलाच हवे. अडचण होते ती हे सारे लवकर सुरू झाले तर.

१९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सुमारे ५०० गरोदर महिलांच्या रक्तातील सीआरएच मोजले. ज्यांची प्रसूती पुढे मुदतीआधी झाली, त्यांच्यात ते अनेक आठवडे आधीपासूनच वेगाने वाढत होते. ‘वारेचे घड्याळ’ ही कल्पना तिथून रूढ झाली. सततचा ताण या घड्याळाचा काटा पुढे सरकवू शकतो, असे मानले जाते.

बाळाच्या संरक्षणासाठी वारेत एक भिंतही असते. तिथले एक विकर (एन्झाइम) आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निष्क्रिय करते. मात्र आईच्या आहारात प्रथिने कमी पडली तर ही भिंत कमकुवत होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे ताण आणि अपुरे जेवण एकत्र आले की धोका दोन्ही बाजूंनी वाढू शकतो.

पुरावा किती भक्कम आहे?

किल्लारीच्या भूकंपानंतर साडेतीन महिन्यांनी, जानेवारी १९९४ मध्ये, अमेरिकेत कॅलिफोर्नियातील नॉर्थरिजला भूकंप झाला. तिथल्या गरोदर महिलांचा अभ्यास झाला तेव्हा पहिल्या तिमाहीत भूकंप अनुभवलेल्या महिलांची प्रसूती, शेवटच्या तिमाहीत तो अनुभवलेल्यांपेक्षा लवकर झाल्याचे आढळले. पाहणीतील महिलांची संख्या छोटी होती. तरी ताण किती यासोबत तो कधी आला हेही महत्त्वाचे, हा मुद्दा त्यातून पुढे आला.

त्याच वेळी दुसरी बाजूही सांगायला हवी. ताणाखालच्या बहुसंख्य महिलांची प्रसूती वेळेवरच होते. मुदतपूर्व प्रसूतीमागे संसर्ग, उच्च रक्तदाब, रक्तक्षय, जुळी बाळे, आधीची मुदतपूर्व प्रसूती, दोन बाळंतपणांतले कमी अंतर, खूप कमी वय अशी अनेक कारणे असतात. अनेकदा ठोस कारण सापडतही नाही. ताण हा त्यांपैकी एक घटक आहे आणि त्याचा एकट्याचा परिणाम मध्यम स्वरूपाचा आहे.

त्यामुळे मोबाइलवर जाहिरात आली म्हणून कॉर्टिसॉलची तपासणी करून घेण्यात अर्थ नाही. निरोगी गरोदरपणातही कॉर्टिसॉल दोन ते तीन पट वाढते. एका आकड्यावरून प्रसूती कधी होईल, हे सांगता येत नाही.

जालन्यात ताण कुठून येतो?

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा वाळल्या, शहरात आठवडेच्या आठवडे नळाला पाणी आले नाही. पाणी आणण्याचे काम घरोघरी बहुतेक बायकांकडेच असते, दिवस गेलेले असोत वा नसोत. बालविवाहाचे प्रमाणही जिल्ह्यात राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. अठरा-एकोणीसच्या वयात पहिले बाळंतपण, त्यात ‘मुलगाच हवा’ हा दबाव, हे अनेक घरांत आजही घडते.

दिवाळीच्या आसपास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. बायको आली नाही तर नवरा ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र पूर्ण फेडावी लागते. एक दिवस काम थांबले तर खाडा लागतो, म्हणजे हिशेबातून पैसे कापले जातात. अशा वेळी सहाव्या-सातव्या महिन्यातली महिला पहाटे फडात उतरते, मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते आणि संध्याकाळी कोपीवर येऊन चूल पेटवते. तपासणीचे कार्ड गावात, आशा ताई गावात, माहेरही गावात.

शरीराच्या दृष्टीने मनावरचा ताण आणि अंगावरचे ओझे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. अपुरी झोप, उपाशीपोटी श्रम, कर्जाची धास्ती, मारहाणीची भीती हे सगळे कॉर्टिसॉलच्या एकाच रस्त्याने जाते.

मग सल्ला अपुरा का?

‘आनंदी राहा’ या सल्ल्यात एक छुपा आरोप असतो. बाळ लवकर जन्मले तर ‘तूच टेन्शन घेतलेस’ असे ऐकवायला घर मोकळे होते. आधीच दवाखान्याच्या काचेबाहेर बसलेल्या आईवर अपराधाचे आणखी एक ओझे पडते. गर्भसंस्काराची ॲप आणि व्हिडिओही बहुतेक वेळा सगळी जबाबदारी तिच्याच मनःस्थितीवर टाकतात. शांत संगीत ऐकण्यात वाईट काही नाही. पण उचल फिटल्याशिवाय सुट्टी नाही, अशा महिलेला त्याचा कितीसा उपयोग?

संशोधनही हेच सुचवते. गरोदर महिलांना भेटी आणि बोलण्यातून जादा आधार देणाऱ्या कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला असता फायदा दिसतो, पण तो थोडाच. धीराचे शब्द हवेतच, मात्र ताणाचे मूळ कारण तसेच राहिले तर शब्द फार दूर नेत नाहीत.

काय करता येईल?

पहिली गोष्ट विचारण्याची. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात जालना आहे. आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे विचारायची आणि गरजूंना समुपदेशनाकडे पाठवायचे, ही त्याची पद्धत. हेच काम गरोदर महिलांच्या तपासणीला जोडणे अवघड नाही. झोप, भीती, मारहाण, कामाचे तास आणि स्थलांतराची तारीख, एवढे पाच प्रश्न पुरेत. आशा ताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे, म्हणून या कामाचा मोबदलाही वेगळा ठरवायला हवा.

दुसरी गोष्ट कामाची. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार महिलांना २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळाली. फडातल्या महिलेपर्यंत ती पोहोचत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार आणि दुसरी मुलगी झाल्यास ६ हजार रुपये मिळतात. ही मदत मोलाची आहे, पण उचलीसमोर तोकडी आहे. गरोदर महिलेच्या खाड्याला बंदी आणि शेवटच्या तीन महिन्यांत फडाबाहेर राहूनही कोयता पूर्ण धरणे, ही अट कारखाना आणि मुकादम यांच्या करारातच आली पाहिजे. साखर आयुक्तालय आणि ऊसतोड कामगार महामंडळ यांनी मनावर घेतले तर हे होऊ शकते.

तिसरी गोष्ट नोंदीची. टोळी निघताना गरोदर महिलांची यादी जालन्यातून कारखान्याच्या तालुक्यातील आरोग्य केंद्राला गेली, तर पुढची तपासणी चुकणार नाही.

कुटुंबाने काय लक्षात ठेवावे?

३७ आठवड्यांच्या आत पोट ठरावीक अंतराने घट्ट होणे, कंबर सतत दुखणे, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, ओटीपोटावर दाब येणे, बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी काहीही जाणवले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ किंवा १०२ वर फोन करून दवाखाना गाठावा. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्यास बाळाची फुप्फुसे पक्व करण्यासाठी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची मुभा प्रशिक्षित एएनएमलाही आहे. विशेष म्हणजे हे औषध कॉर्टिसॉलच्याच कुळातले. ते कधी आणि किती द्यायचे, हे ठरवणे दवाखान्याचे काम.

बाळ लवकर आलेच तर त्याला आईच्या किंवा घरातील कुणाच्याही उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत अत्यंत उपयोगी ठरते. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच ती सुरू केल्याने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. मन फार खचले असेल तर टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

पहिल्या बाळंतपणाला मुलीला माहेरी आणण्याच्या रीतीमागे तिला काम कमी, झोप पुरेशी आणि जेवण वेळेवर मिळावे हाच विचार होता. आजची गरजही त्याहून वेगळी नाही. फरक एवढाच की फडावर गेलेल्या महिलेला ती विश्रांती माहेर देऊ शकत नाही, ती कारखाना, मुकादम आणि सरकार यांनी मिळून द्यावी लागेल. तोवर ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने तिच्या डोक्यावरची एखादी मोळी आपण उतरवू शकतो का, हे आधी पाहावे.