नर्मदेच्या खडीतील मनुष्य

जबलपूरचा इतिहास कलचुरींच्या त्रिपुरीपासून सांगण्याची रूढी आहे. ती फारच उशिरा आरंभ करते. १८२८ साली जबलपूर छावणीलगत कॅप्टन स्लीमन (ठगांचा बंदोबस्त करणारा तोच हा) यास अश्मीभूत हाडे सापडली. त्यांवरून १८७७ साली लायडेकरने टायटॅनोसॉरस हे नाव योजिले. डायनोसॉर नाहीसे होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली. त्या मानाने मनुष्य हा कालचाच.

याच नर्मदेच्या काठी, जबलपुराहून प्रवाहाच्या खालच्या अंगास, सिहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे डिसेंबर १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांस खडीच्या थरात मानवी कवटीचा उजवा भाग मिळाला. सोनकियांनी तो होमो इरेक्टसचा मानला. पुढे इतर संशोधकांनी त्यास पुरातन होमो सेपियन्सच्या पंक्तीस बसविले. वयाविषयीही एकवाक्यता नाही. नदी निरनिराळ्या काळांची हाडे वाहून आणून एकाच थरात टाकते, आणि शेजारी ठेवून ताडून पाहावी अशी दुसरी कवटी या देशात नाही. एका फाटक्या पानावरून पोथी लावण्याचाच हा प्रकार होय.

उरलेली पाने असलीच तर ती अशाच थरांत असणार, आणि बांधकामासाठी वाळू व खडी उपसली जाते तीही नदीकाठचीच. बांधकाम थांबवावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु खाणीचा पट्टा देण्यापूर्वी भूवैज्ञानिकाने थर पाहून जावे, ही मागणी अवाजवी नव्हे. काठच्या शाळांतही मुलांच्या हाती जीवाश्म द्यावा. अश्मीभूत हाड साध्या हाडाहून जड लागते, एवढे त्यांस कळले तरी पुष्कळ काम होईल.