‘कशावरून?’

निबंधाच्या वह्या तपासावयास बसलों म्हणजे एक गोष्ट दरवर्षीं माझ्या नजरेस येते. विषय ‘खेडें बरें कीं शहर’ असा असो, अथवा ‘शाळेंत गणवेश असावा कीं नसावा’ असा असो, आमचे विद्यार्थी आपलें मत मोठ्या आवेशानें मांडतात. ‘निःसंशय’, ‘अर्थातच’, ‘सर्वांस विदितच आहे’ अशा शब्दांची पानोपानीं रेलचेल असते. मला मात्र समासांत एकच शब्द पुनःपुन्हां लिहावा लागतो : ‘कशावरून?’ जें सर्वांस विदित आहे तें लिहिण्याचें प्रयोजन काय? आणि ज्याविषयीं कोणासही संशय नाहीं, त्याविषयीं वाद तरी कशाला?

हा दोष केवळ मुलांचा आहे, असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. कित्येक वर्षें मीं स्वतः वजनदार शब्दांच्या याद्या फळ्यावर लिहून दिल्या, आणि ज्याच्या निबंधांत ते शब्द अधिक, त्यास गुणही अधिक दिले. व्याकरणाच्या तासाचीही तीच कथा. न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, कारणबोधक, संकेतबोधक हे उभयान्वयी अव्ययांचे प्रकार आमचा विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवितो, आणि लगेच पुढच्या तासाला निबंध लिहितांना ‘आणि’ खेरीज दुसरें अव्यय सहसा वापरीत नाहीं. वाक्यामागून वाक्य येतें. पण त्यांस जोडणारा सांधा कोठें दिसत नाहीं. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तथापि’, ‘जर–तर’ हे शब्द अलंकार नसून सांधे आहेत, हें आम्हीं त्यास सांगितलेलेंच नसतें.

आपल्या करवीरांतील कोणत्याही मुलास समजेल असें एक उदाहरण घेऊं. उसाच्या हंगामांत रस्त्यानें जातांना दूर शिवारांत धूर दिसतो, आणि आपण म्हणतों, ‘तेथें गुऱ्हाळ चालू आहे.’ कशावरून? धुरावरून. धूर कशामुळें? चुलवाणांत चिपाडांचा जाळ केला आहे, त्यामुळें. जाळ कशासाठीं? काहिलींतला रस आटवून गूळ करावयाचा आहे, त्यासाठीं. पहिला प्रश्न पुरावा मागतो, दुसरा कारण विचारतो, तिसरा हेतु विचारतो. आपल्या मायबोलीनें या तिहींस तीन निराळे शब्द दिले आहेत. ते ज्यास नीट वापरतां आले, त्यास अर्धा युक्तिवाद साधला. ‘मोबाइल वाईट आहे. कशावरून? मुलें बिघडतात यावरून. मुलें बिघडलीं कशावरून? तीं मोबाइल पाहतात यावरून.’ असें लिहिणें म्हणजे घाण्याच्या बैलाप्रमाणें फिरत राहणें होय. चालणें पुष्कळ झालें, वाट मात्र सरली नाहीं.

आणखी एक विचार करा. धूर दिसला म्हणून गुऱ्हाळच असेल, हें तरी कशावरून? कोणीं शेतांतलें पाचटही पेटविलें असेल! अशा वेळीं ‘निःसंशय’ हा शब्द टाकून ‘बहुधा’ हा शब्द घ्यावा. ‘बहुधा’ हा दुबळा शब्द आहे अशी मुलांची समजूत असते. ती चुकीची आहे. पुरावा जेवढा, तेवढेंच बोलणारा तो प्रामाणिक शब्द आहे.

ही विद्या आपल्या देशांत नवी नाहीं. धुरावरून अग्नीचें अनुमान करण्याचें हेंच उदाहरण न्यायशास्त्रांत फार जुनें आहे. प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन अशीं अनुमानवाक्याचीं पांच अंगें तेथें सांगितलीं आहेत. त्याच शास्त्रानें बोलाचालीचेही तीन प्रकार केले आहेत. सत्य कळावें म्हणून जो केला जातो तो वाद. जिंकावें म्हणून केला जातो तो जल्प. आणि स्वतःचें कांहींएक न मांडतां दुसऱ्याचें तेवढें खोडून काढणें ही वितंडा. आपण भांडखोर मुलास ‘वाद घालूं नकोस’ असें म्हणतों. वस्तुतः त्यास ‘वितंडा सोड आणि वाद कर’ असें सांगावयास हवें.

या शब्दांचें मोल काय, हें दोन उदाहरणांवरून ध्यानांत येईल. पहिलें उदाहरण एका विद्यार्थिनीचें आहे. सन १८५५ मध्यें ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकांत मांग-महारांच्या दुःखाविषयीं एक निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं चालविलेल्या शाळेंतील मांग समाजाची मुलगी, वय अवघें चौदा वर्षांचें. तिच्यापाशीं धन नव्हतें, अधिकार नव्हता, कुळाचा मान तर नव्हताच. तिनें काय केलें? प्रतिपक्षाचेंच म्हणणें हातीं घेतलें. वेद हे आमचेच, इतरांनीं ते पाहूं नयेत, असें जर ब्राह्मण म्हणतात, तर आम्हांस धर्मपुस्तकच नाहीं असें ठरतें. मग आमचा धर्म कोणता, असा तिचा प्रश्न होता. त्या ‘जर–तर’ मध्यें एक शिवी नाहीं, एक अतिशयोक्ति नाहीं. परंतु त्यांतून निसटावयास वाटही नाहीं. त्यानंतर तिनें आपल्या लोकांवर गुदरलेले प्रसंग पुराव्यादाखल मांडले, आणि शेवटीं त्याच लोकांस विद्या घेण्याचा आग्रह केला.

दुसरें उदाहरण आपल्या घरचें आहे. ज्यांनीं सन १८९५ मध्यें ही आपली शाहूपुरी व्यापारपेठ वसविली, त्या राजर्षि शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा सर्वांस ठाऊक आहे. संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं शेंकडा ५० जागा त्यानें राखून ठेविल्या. पण तो जाहीरनामा कसा लिहिला आहे, तिकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. सर्व वर्गांत विद्येचा प्रसार व्हावा म्हणून प्रयत्न झाले, तरी मागासलेल्यांच्या बाबतींत इच्छित फळ आलें नाहीं, ही वस्तुस्थिति आधीं सांगितली आहे. उच्च शिक्षणाचा लाभ पुरेसा सर्वदूर वांटला गेला नाहीं, हें त्याचें कारण पुढें दिलें आहे. आणि त्यावरून जागा राखण्याचा निर्णय काढला आहे. महाराज राजे होते. ‘आम्ही सांगतों म्हणून’ एवढें म्हणून त्यांस भागवितां आलें असतें. तरीही त्यांनीं प्रजेस कारण सांगितलें.

एकीकडे कांहींच अधिकार नसलेली मुलगी, दुसरीकडे सर्व अधिकार असलेला राजा. दोघांनींही एकाच भाषेचा आश्रय केला. दुबळ्यास ती बळ देते आणि बलवानास मर्यादा शिकविते.

येथें कोणी पालक म्हणतील, ‘मास्तर, हें सारें ठीक; पण मुलांस वाद शिकविला म्हणजे तीं घरांत उलट बोलूं लागतील, त्याचें काय?’ ही शंका मीं अनेकदां ऐकली आहे, आणि ती निराधार नाहीं. अर्धवट शिकलेला मुलगा आईसच प्रश्नांनीं हैराण करितो, हें मीं पाहिलें आहे. तथापि त्यावर उपाय शिकविणें सोडणें हा नसून पुरतें शिकविणें हा आहे. त्याविषयीं एक अनुभव सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं दहावीच्या वर्गांतील एक मुलगी माझ्याकडे आली. वडील बाजारांत हमाली करीत. यापुढें तिचें शिक्षण थांबवावें, असें त्यांच्या मनांत होतें. ‘सर, तुम्हीच आबांना सांगा,’ असें ती म्हणाली. मीं तिला सांगितलें, ‘आधीं तूं लिहून आण.’ पहिला मसुदा अश्रूंनीं आणि विशेषणांनीं भरलेला होता. मग मीं म्हटलें, ‘प्रथम आबांची बाजू लिही, ती वाचून आबा स्वतः म्हणाले पाहिजेत कीं होय, माझें म्हणणें हेंच.’ यास जुने लोक पूर्वपक्ष म्हणत. तिला तो लिहावयास तीन दिवस लागले. धाकट्या दोघां भावांची फी, बसचें भाडें, आईची दुखरी पाठ, सारें तिनें लिहिलें. आणि तें लिहितां लिहितां, आबा निष्ठुर नाहींत, हें तिच्याच ध्यानांत आलें. त्यापुढें ‘हें सर्व खरें आहे, तथापि’ असें लिहून तिनें आपला हिशेब मांडला : पासाचे पैसे किती, जुनीं पुस्तकें कोणाकडून मिळतील, संध्याकाळीं लहान मुलांच्या शिकवणीचे किती येतील.

आबांनीं तो कागद तिच्याकडून दोनदां वाचवून घेतला. ते रागावले नाहींत, गहिंवरलेही नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, ‘ह्यात वह्यांचा खर्च कुठं धरलाय?’ तो धरावयाचा राहिला होता. दुसऱ्या दिवशीं तिनें हिशेब दुरुस्त केला, आणि आबांनीं एका वर्षाची मुदत दिली. वर्ष सरल्यावर मुदतीचा विषय पुन्हां निघाला नाहीं. माझ्या मतें त्या घरांत उलट बोलणें झालें नाहीं. बापलेकींत प्रथमच खरा वाद झाला.

म्हणून पालकांस माझी विनंति आहे कीं, मुलानें ‘कां?’ म्हणून विचारल्यास ‘मी सांगतों म्हणून’ हें उत्तर शक्य तों देऊं नये. त्या वाक्यांतील ‘म्हणून’ हा कारणाचा वेष घेतलेला हुकूम आहे, हें मुलांस लवकर कळतें, आणि मग तींही तसेंच बोलावयास शिकतात. कारण सांगितल्यानें वडीलपणा कमी होत नाहीं. जाहीरनाम्यांत कारण लिहिल्यानें महाराजांचें राजेपण कमी झालें नाहीं.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें आहे. पुढच्या निबंधांत मोठा शब्द लिहिण्यापूर्वीं समासांतला माझा तो लहान शब्द तुम्हीच स्वतःला विचारा. उत्तर सांपडलें, तर तें लिहा. न सांपडलें, तर मत बदला. त्यांत कमीपणा नाहीं.