कर्ज बापाचे, नोकरी पोराची

आमच्या संग्रामपूर तालुक्यात कापडाचा धंदा उधारीवर चालतो. लग्नाचा बस्ता आज बांधला जातो, पैसे कापूस विकल्यावर येतात. पावसाने दगा दिला तर आम्हीही थांबतो. उर्दूत जिला साख म्हणतात आणि मराठीत पत, ती आमच्या बाजारात माणूस पाहून ठरते. बँक आणि सरकार मात्र कागद पाहतात. हा फरक आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या अजून पुरता ध्यानात आलेला नाही, आणि त्याची किंमत आपली शिकलेली मुले मोजत आहेत.

आमच्या ओळखीच्या एका टेलरने शिलाई मशीनसाठी मुलाच्या नावावर कर्ज काढले. २०२० च्या टाळेबंदीत हप्ते थकले, पुढे पैन् पै फेडली. मुलगा एका बँकेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. पण नेमणुकीच्या वेळी ते जुने हप्ते निघाले आणि नेमणूक अडली. बाप आम्हास म्हणाला, "सेठ, कर्ज मी घेतलं, सजा पोराला का?"

प्रश्न रास्त आहे, पण कायद्याचे उत्तर कडक आहे. स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक त्याच्या सिबिल अहवालावरून रद्द केली. जाहिरात निघण्यापूर्वीच आपले कर्ज फिटले होते, असे त्याचे म्हणणे होते. तरीही मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बँकेचाच निर्णय कायम ठेवला. दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्याचा स्वतःचा व्यवहार चोख हवा, असा त्यामागील विचार आहे.

सरकारी नोकरीतही सुटका नाही. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार कर्मचाऱ्याने सदैव कर्जबाजारी राहता कामा नये, आणि वसुलीचा दावा लागला तर तो वरिष्ठांना कळवावा लागतो. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत नुसती उधारी दिसत नाही. पण न वटलेल्या चेकचा खटला हा फौजदारी खटला असतो आणि तो दिसू शकतो. धंद्यात आपण मुलाच्या सहीचे चेक सर्रास देतो, ते यापुढे बंद व्हावे. असा खटला असेल तर तो अर्जात लपवू नये. खरी माहिती दडविल्यामुळेही नेमणूक रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे.

आमची सरकारकडे व बँकांकडेही एक मागणी आहे. दिवाळे आपल्या हाताबाहेरील कारणाने निघाले, हे सिद्ध करण्याची संधी १९६४ चे नियम कर्मचाऱ्याला देतात. तीच संधी नव्या उमेदवारास का नसावी? पैसे बुडविणारा आणि टाळेबंदीत अडकून नंतर सर्व फेडणारा यांना एकाच तराजूत तोलणे हा न्याय नव्हे.

पण नियम बदलेपर्यंत आपणच शहाणे व्हावे. शिकणाऱ्या मुलाच्या नावावर धंद्याचे कर्ज काढू नये. भाऊबंदकीच्या भिडेने त्याला जामीनही ठेवू नये. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. प्रत्येक पतमाहिती कंपनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देते. मुलाने नोकरीचा अर्ज भरण्यापूर्वी तो मागवून वाचावा. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत दुरुस्ती न झाल्यास दररोज १०० रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून लागू आहे. कर्ज फिटताच बँकेकडून 'येणे बाकी नाही' असा दाखला घ्यावा.

आम्ही दुकानात उधारीची वही रोज संध्याकाळी पाहतो. मुलांच्या नावाचीही एक वही आता कोठेतरी लिहिली जात आहे. ती वर्षातून एकदा तरी पाहावी, एवढीच आमची विनंती.