गेमिंग रूम की गणपतीचा मांडव?

'गेमिंग रूम' म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. काळोखी खोली, भिंतींवरून पळणारे जांभळे-निळे-गुलाबी पट्टे, कीबोर्डला रंग, माउसला रंग, सीपीयूच्या काचेआड फिरणाऱ्या पंख्यालासुद्धा रंग! आणि या सगळ्या रोषणाईत डोळे चोळत बसलेला एक बिचारा गेमर. माझं स्पष्ट मत आहे की ही रोषणाई खोली बघायला येणाऱ्यांसाठी असते, खोलीत बसणाऱ्यासाठी नसते. खेळणाऱ्याला लागतो तो उजेड साधा पांढरा, मंद आणि स्क्रीनच्या मागे लपलेला असतो. त्याचा फोटो काही झकास येत नाही, एवढाच काय तो त्याचा दोष.

'आमच्याकडे कुठली आलीय गेमिंग रूम!' म्हणून लगेच पान उलटू नका. आमच्याकडे तरी कुठं आहे? मी कबनूरची. इचलकरंजीला खेटून असलेलं आमचं गाव. खाली माग आणि वर माणसं अशी कितीतरी घरं आमच्या भागात आहेत, त्यातलंच आमचं एक. आमची तथाकथित गेमिंग रूम म्हणजे माडीवरची दहा बाय बाराची खोली. तिच्यात एक टेबल, एक २४ इंची मॉनिटर, मी, माझा धाकटा भाऊ, ज्वारीची दोन पोती आणि आज्जीची कॉट. (मुलगी असून गेम खेळते, यावर ज्यांना काही म्हणायचंय त्यांनी वाचकांच्या पत्रांत म्हणावं!) रात्री दहानंतर ती खोली आज्जीची. मला वाटतं, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असंच असणार. गेमिंग रूम ही दिवसाच्या काही तासांपुरती 'गेमिंग' असते, उरलेला वेळ ती दुसऱ्या कुणाचीतरी झोपायची खोली असते. लाइट निवडताना हा दुसरा माणूस धरायचा की नाही, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे, आणि इंटरनेटवरच्या सगळ्या सल्ल्यांत नेमका तोच गायब असतो.

गेल्या दिवाळीत आमच्या बंधुराजांनी पाच मीटरची आरजीबी पट्टी आणली आणि छताच्या कडेनं भिंतींना चिकटवली. आज्जी वर आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "ह्ये काय रं, गणपती बसीवलास व्हय खोलीत?" आम्ही हसलो. पण रंग काही थांबेनात, आणि पुढच्या तीन रात्री आज्जी खाली स्वयंपाकघरात सतरंजी टाकून झोपली. गुडघे दुखतात तिचे. बंधुराजांचंही डोकं रोज दुखायला लागलं. त्याचं निदान तयार होतं, मॉनिटर जुना झालाय, नवा घ्या! म्हणजे पप्पांच्या खिशाला बारा-पंधरा हजारांची चाट.

दोष मॉनिटरचा नव्हताच. काळोख्या खोलीत उजळ स्क्रीन असली की डोळ्याची पंचाईत होते. बाहुली अंधाराला जुळवून घ्यायला मोठी होऊ बघते आणि स्क्रीनकडे बघून लहान. गेममध्ये अंधाऱ्या गुहेतून अचानक स्फोट झाला की हीच कसरत पुन्हा, तासात शंभर वेळा. यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. स्क्रीनच्या मागची भिंत हलकी उजळ करायची. किती? तर स्क्रीनच्या पांढऱ्या रंगाचा जेवढा उजेड, त्याच्या साधारण १० टक्के. डोळ्याला मग टेकायला एक मधली पातळी मिळते. गंमत म्हणजे त्यामुळे स्क्रीनवरचा काळा रंग जास्त काळा दिसतो आणि अंधारात लपलेला शत्रू दिसावा म्हणून ब्राइटनेस शंभरवर न्यावा लागत नाही. सिनेमाचे रंग तपासणाऱ्या स्टुडिओत मॉनिटरमागे असाच दिवा असतो, ६५०० केल्विनचा, एका जागी स्थिर. फिलिप्सने २००४ साली 'अँबिलाइट' टीव्ही बाजारात आणला, त्यात मागचा उजेड चित्राबरोबर रंग बदलू लागला. आजचं आरजीबीचं वेड त्याच वळणाचं. सिनेमा बघायला ते छान असेलही. पण तीन तास एका क्रॉसहेअरकडे टक लावून बसणाऱ्याला कोपऱ्यात सतत काहीतरी हलतंय, हे कसं सोसावं?

हे सगळं मी नेटवर वाचलं खरं, पण पहिल्यांदा ऐकलं आज्जीकडून. तिनं उभी हयात मेंडिंगला काम केलं. कापड तपासायचं, तुटलेला धागा, राहिलेली गाठ शोधायची आणि सुईनं दुरुस्त करायची. पट्टी छतावर बघून ती एवढंच म्हणाली होती, "दिवा डोळ्यांत न्हाई, कापडावर पडाय पायजे." लाइटिंगवरचं अख्खं पुस्तक एका वाक्यात!

खरं तर आमच्या भागाला उजेडाचा विचार नवा नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो १९०४ साली. तेव्हापासून इथली माणसं उजेडात धागा बघण्यावरच पोट भरतायत. मुंबईच्या जुन्या गिरण्यांची छपरं आठवा, करवतीच्या दात्यांसारखी. त्यांच्या काचा उत्तरेकडे असत, कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. ऊन थेट मागावर पडलं तर धागा दिसायचाच नाही. आमच्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. संध्याकाळी पाचला ऊन सरळ स्क्रीनवर यायचं आणि गेमऐवजी स्वतःचंच तोंड दिसायचं. टेबल खिडकीला काटकोनात फिरवलं, खर्च शून्य रुपये.

आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनो, तुमच्या पुस्तकातला 'स्ट्रोबोस्कोपिक इफेक्ट' आठवतो का? आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणून साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. त्या उजेडात फिरणारी पुली थांबल्यासारखी किंवा उलटी फिरल्यासारखी दिसू शकते, आणि कुणी हात घातला तर हात जातो. म्हणून शेडमध्ये शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायच्या, असं पुस्तक सांगतं. परीक्षेत ४ मार्कांना येतं म्हणून आपण ते पाठ करतो आणि घरी जाऊन तसलाच लुकलुकणारा दिवा डोळ्यांसमोर लावतो! स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर फालतू असला की तोही सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. आरजीबीचा कंट्रोलर तर उजेड कमी करण्यासाठी दिवा भराभर चालू-बंदच करत असतो. डोळ्याला कळत नाही, पण काहींचं डोकं नक्की दुखतं. तपासणं सोपं आहे. मोबाइलचा कॅमेरा स्लो-मोशनवर टाका आणि दिव्याकडे धरा. उजेड धडधडताना किंवा पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा दुकानातच ठेवून या.

आता आम्ही काय केलं ते सांगते. छतावरची पट्टी काढली. मुळात ती मोठ्या पट्टीची गणितंच चुकीची होती. ५०५० जातीचे मीटरला ६० एलईडी असले की पूर्ण उजेडात मीटरला १४.४ वॅट लागतात. पाच मीटरचे झाले ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ६ अँपिअर. सोबतचा अ‍ॅडॉप्टर २ अँपिअरचा! तो चटका बसेल इतका तापायचा, आणि पट्टीच्या शेवटी व्होल्टेज इतकं पडायचं की तिथला पांढरा रंग लालसर दिसायचा, कारण निळ्या-हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. शिवाय तीन रंग मिसळून केलेला पांढरा हा नावालाच पांढरा. त्यात माणसाचा चेहरा आजारी दिसतो. साधा पांढरा एलईडी वेगळा असतो, निळ्या एलईडीवर पिवळट फॉस्फर चढवलेला. (त्या निळ्या एलईडीला २०१४ चं नोबेल मिळालं, उगीच नाही.) म्हणून साध्या पांढऱ्याची एक मीटर पट्टी आणली, मीटरला ४.८ वॅटची. चांगला अ‍ॅडॉप्टर आणि डिमर धरून चारशेच्या आत भागलं.

ती मॉनिटरच्या पाठीला चिकटवली तर भिंत पिस्ता रंगाची! पांढरा उजेड पिस्ता होऊन परत येऊ लागला. भिंत रंगवायला कोण देतंय? मग खालून मागावरचं दीड मीटर कोरं कापड आणून मागे ताणून लावलं. कोरं कापड जरासं पिवळसर असतं, पण पिस्त्यापेक्षा शंभर पटींनी बरं. अ‍ॅडॉप्टर मात्र कापडापासून लांब ठेवा. कापसाच्या गावात आगीची थट्टा करायची नसते.

राहिला रात्रीचा प्रश्न. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं काम बघणं नसून दिवस आहे की रात्र हे मेंदूला सांगणं आहे, आणि त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला जास्त दाद देतात. त्यामुळे रात्री ६५०० केल्विनचा झगझगाट म्हणजे मेंदूला सकाळ झाल्याची थाप मारणं. नुसता रंग बदलून मात्र भागत नाही, उजेडच कमी करावा लागतो. आमच्याकडे साडेनऊला मॉनिटरचा ब्राइटनेस खाली येतो, डिमर खाली येतो आणि दाराजवळ २७०० केल्विनचा छोटा पिवळा बल्ब लागतो, कुणाला उठायचं झालं तर ठेच लागू नये म्हणून. कॉट आणि टेबल यांच्यामध्ये लोखंडी कपाट सरकवलंय. पट्टी तर मॉनिटरच्या पाठीमागे, त्यामुळे कॉटवरून एकही दिवा दिसत नाही. आज्जी परत वर झोपते. दहाच्या पुढे अर्धा तास मुभा मिळाली आहे, हेडफोन लावण्याच्या अटीवर. बंधुराजांची डोकेदुखी गेली आणि नव्या मॉनिटरचा विषयही.

काही मित्र म्हणतील, अगं पण रंगांची मजाच वेगळी! असेल ना. वाढदिवसाला लावा, मित्र आले की लावा. मी रंगांच्या विरोधात नाही, डोळ्यांसमोर चोवीस तास पळणाऱ्या रंगांच्या विरोधात आहे.

आता जरा होस्टेलकडे वळते, कारण हा अंक रेक्टर मॅडम आणि सरसुद्धा वाचतात. आपल्याकडे अकराला खोलीतली ट्यूब बंद करायचा नियम आहे. रूममेटला झोप मिळावी हा हेतू अगदी योग्य. पण प्रत्यक्षात होतं काय? ट्यूब बंद होते, लॅपटॉप बंद होत नाही. कुणी सबमिशन करतं, कुणी खेळतं, सगळे काळ्याकुट्ट अंधारात आणि ब्राइटनेस फुल्ल करून. त्या उजेडानं शेजारच्या कॉटवरच्या मुलीची झोप जाते ती जातेच, वर बसणारीचे डोळेही जातात. माझी मागणी एवढीच आहे, प्रत्येक टेबलामागे भिंतीकडे तोंड करून ५ वॅटपर्यंतचा एक दिवा लावायला परवानगी द्या. चार टेबलांचे चार दिवे मिळून २० वॅट, म्हणजे आत्ता लागते त्या एका ट्यूबपेक्षा जास्त नाही. अ‍ॅडॉप्टर तपासायची भीती वाटत असेल तर इलेक्ट्रिकलच्या थर्ड इयरची मुलं शनिवारी दुपारी ते करायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.