बारदान महागले, बिल कोणाच्या खिशातून? तागाच्या पोत्यांवरचा आयात कर आणि आपला कारोबार

आयात कराची बातमी आली की आपण मोबाईल, सोने, गाड्या यांचा विचार करतो. पोत्याचा विचार कोणी करत नाही. पण साखर कारखाना, धान्याचा आडत्या, कांद्याचा व्यापारी, कोकणातला काजू कारखानदार, जुन्या बारदानाची खरेदी-विक्री करणारा आपला भाऊबंद, या सगळ्यांचा धंदा पोत्यावर चालतो. माल कितीही चांगला असो, भरायला बारदान नसेल तर तो जागेवरून हलत नाही.

भारतात ताग मुख्यतः पश्चिम बंगालमध्ये पिकतो, काही बिहार आणि आसामात. पोती विणणाऱ्या गिरण्या हुगळी नदीच्या काठावर आहेत. दुसरा मोठा उत्पादक शेजारचा बांगलादेश. साफ्ता करारामुळे तिथल्या तागाच्या मालाला भारतात नेहमीचे आयात शुल्क लागत नाही. शिवाय तिथले सरकार ताग निर्यातदारांना अनुदान देते. त्यामुळे तिथली पोती इथे स्वस्त पडत आणि आपल्या गिरण्यांची ओरड होती की यात आम्ही बुडतो आहोत.

म्हणून 5 जानेवारी 2017 रोजी केंद्र सरकारने बांगलादेश आणि नेपाळमधून येणारे तागाचे सूत, गोणपाट आणि पोती यांच्यावर अँटी-डंपिंग शुल्क लावले. डंपिंग म्हणजे आपल्या देशातल्या भावापेक्षा कमी भावात परदेशात माल विकणे. हे शुल्क कंपनी आणि वस्तू यांप्रमाणे वेगवेगळे आहे, जास्तीत जास्त टनाला सुमारे 352 डॉलर. डिसेंबर 2022 मध्ये त्याला आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली.

आता नीट बघा. हा कर ढाक्याचा विकणारा भरत नाही. कस्टममध्ये तो आयात करणारा भारतीय भरतो आणि पुढे आपल्या गिऱ्हाईकाकडून वसूल करतो. एक साधा हिशेब करू. पन्नास किलो धान्याचे तागाचे पोते साधारण 580 ग्रॅमचे असते, म्हणजे एका टनात सतराशेच्या आसपास पोती. टनाला 100 डॉलर कर धरला तर एका पोत्यामागे सुमारे पाच रुपये वाढतात.

पाच रुपये म्हणजे काय मोठे? समजा एका साखर कारखान्याने हंगामात दहा लाख क्विंटल साखर काढली. पन्नास किलोप्रमाणे वीस लाख पोती झाली. 1987 च्या ताग पॅकिंग कायद्याखाली सरकार दरवर्षी प्रमाण ठरवते. अलीकडच्या वर्षांत ते अन्नधान्याला 100 टक्के आणि साखरेला 20 टक्के आहे. म्हणजे चार लाख पोती तागाचीच हवीत. पोत्यामागे पाच रुपये वाढले की वीस लाख रुपये गेले. सगळ्या साखरेवर वाटले तर किलोला फक्त दोन पैसे होतात, म्हणून घरातल्या गिऱ्हाईकाला हा कर जाणवतही नाही. पण कारखान्याच्या हिशेबात वीस लाखांचा खड्डा पडतोच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एरवी एखादी वस्तू महागली तर माणूस दुसरी घेतो. प्लॅस्टिकचे पोते तागाच्या पोत्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. पण एकीकडे बाहेरच्या मालावर कर आणि दुसरीकडे ताग वापरण्याची सक्ती, अशी दोन्ही दारे बंद असली की भाव ठरवण्याची ताकद विकणाऱ्याकडे जाते. मग देशी पोतेही महागते, जरी त्यावर हा कर नसला तरी. सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकारच आहे. धान्यासाठी ते दरवर्षी सुमारे 12,000 कोटी रुपयांची पोती घेते. म्हणजे वाढीचा मोठा वाटा शेवटी जनतेच्या तिजोरीतूनच जातो.

2025 मध्ये यात आणखी गुंता झाला. ऑगस्ट 2024 नंतर दोन्ही देशांचे संबंध ताणले गेले होते. 27 जून 2025 रोजी भारताने बांगलादेशातून तागाचा बराचसा माल जमिनीच्या मार्गाने आणायला मनाई केली. ऑगस्टमध्ये पोतीही त्यात आली. परवानगी राहिली फक्त आपल्या न्हावा शेवा बंदरातून. जो ट्रक पेट्रापोलची सीमा ओलांडून सरळ बंगालात येत असे, त्याच मालाला आता समुद्राने अर्ध्या देशाला वळसा. हा कर नाही, पण खरेदीदारासाठी परिणाम कराइतकाच: भाडे वाढते, दिवस वाढतात, भांडवल अडकते. सप्टेंबरमध्ये बांगलादेशानेही कच्च्या तागाच्या निर्यातीला आधी परवानगी घेणे बंधनकारक केले. आपल्या गिरण्या काही कच्चा माल तिथूनच घेत होत्या. 2025-26 साठी कच्च्या तागाचा हमीभाव क्विंटलला 5,650 रुपये होता, बाजारभाव त्याच्या खूप वर गेला.

मग हा कर चुकीचाच आहे का? असे एका वाक्यात म्हणणे इन्साफ होणार नाही. मुर्शिदाबाद, नदिया या भागातल्या लहान शेतकऱ्याचे नगदी पीक ताग आहे, आणि त्यात आपल्या समाजाचे लोक फार मोठ्या संख्येने आहेत. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे 40 लाख शेतकरी कुटुंबे आणि गिरण्यांमधले चार लाख कामगार या धंद्यावर जगतात. त्यांना संरक्षण मिळायलाच हवे. प्रश्न एवढाच आहे की खरेदीदार जे जास्त पैसे मोजतो, ते शेतकरी आणि मजुरापर्यंत पोहोचतात, की मधेच गिरणीमालक आणि साठेबाजाकडे राहतात? दरवेळी मुदत वाढवताना हे तपासले पाहिजे.

आपल्या व्यापारी बांधवांसाठी तीन गोष्टी. पहिली, बारदानाचा सौदा हंगामाच्या तोंडावर करू नका. भाव चढलेले असतात तेव्हा गरजू माणूसच जास्त मोजतो. दुसरी, माल परदेशी पाठवत असाल तर कस्टमच्या एजंटला अॅडव्हान्स ऑथरायझेशनबद्दल विचारा. निर्यातीच्या मालासाठी लागणाऱ्या पॅकिंगवर या योजनेत आयात शुल्कातून सूट मिळू शकते. तिसरी, या शुल्काची मुदत 2027 च्या अखेरीस संपते. ते पुढे चालू ठेवायचे असेल तर वाणिज्य मंत्रालयाच्या डीजीटीआर या विभागाकडून आधी फेरतपासणी होईल. त्यात माल वापरणाऱ्यालाही आपले म्हणणे लेखी मांडता येते. गिरणीमालक वकील घेऊन तिथे जातील. बारदान विकत घेणारा लहान माणूस एकटा जाऊ शकत नाही, पण त्याची बाजार समितीतली व्यापारी संघटना नक्कीच जाऊ शकते. त्यासाठी आकडे लागतील, म्हणून आजपासून पोत्यांची बिले जपून ठेवा.